चार नंबरचे निळे ठिपके

कचरू पुंडलिक हिवराळे याची पक्की व्हायला आलेली नोकरी माझ्या एका कागदामुळं गेली. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल कुणाला उगीच चांगलं वाटायला नको. मला गोड बोलता येत नाही. माझी बायको म्हाळसाबाई म्हणती, तुमच्या तोंडाला गूळ फासला तरी मुंगी यायची नाही. नसू दे. ही गोष्ट गोड करून सांगण्यासारखी नाहीच.

कचरू आणि मी एका गावचे. करमाडच्या पुढं, जालना रस्त्यापासून आत दीड कोस. आम्ही धनगर. शंभरेक मेंढरं आणि चार एकर कोरडवाहू. कचरूचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत. ते छप्पन सालानंतर बौद्ध झाले होते, घरात देव नव्हते, बाबासाहेबांची तसबीर होती. पण गावानं आपली रीत काही सोडली नव्हती, आणि गावात आम्हीपण आलो.

मी सात-आठ वर्षांचा असतानाचं एक आठवतं. आमचं एक कोकरू चुकलं होतं. कचरूचा बाप पुंडलिक ते दोन कोस काखेत धरून आमच्या दारात घेऊन आला. मी आनंदानं हात पुढं केले तर आई, बानाबाई, आतून ओरडली, "मागं हो रे सूर्यभान! त्याला खाली सोडू दे, मग उचल." पुंडलिकनं मुकाट्यानं कोकरू खाली सोडलं. आईनं त्याच्यावर तांब्याभर पाणी मारलं, मग मी उचललं. बापाच्या मागं कचरू उभा होता, माझ्याच वयाचा. आईनं त्यांना भाकरी दिली, ती पण वरून टाकली. आई काही दुष्ट नव्हती. कुणाच्या पोटात दुखलं तर रात्र रात्र बसायची. पण हे असं होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात ओढ्यापलीकडची चार घरं जळाली, त्यात पुंडलिकचं एक. आम्ही जाळलं नाही. मी आणि बाप त्या दिवशी मेंढरं घेऊन दुसऱ्या वाटेनं माळाला गेलो, आणि धूर दिसला तरी परत आलो नाही. 'आम्ही जाळलं नाही' हे वाक्य मी पुढं लई वर्षं लई जणांना ऐकवलं. त्याच आठवड्यात हिवराळे कुटुंब संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, मुकुंदवाडीत राहायला गेलं.

पुढं मी पण शहरात आलो. आयटीआय केलं आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागलो. नाव सांगत नाही, आता तो बंद पडलाय. दुचाकीच्या इंजिनात जे ॲल्युमिनियमचं पिस्टन बसतं, ते आम्ही करायचो. वाळूजला मोठा कारखाना आल्यापासून कामाला नुसता ऊत आला होता. मी तपासनीस. तयार पिस्टन गेजमध्ये धरायचं, काटा बघायचा, आकडा लिहायचा. मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा पांढऱ्या कोटात! गावी गेलो की कोट घालूनच एसटीतून उतरायचो, घ्या.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर चार नंबरच्या लेथवर एक नवा माणूस आला. वळून बघतो तर कचरू.

"जय भीम, सूर्यभान," तो म्हणाला. हसून म्हणाला.

"हां, हां," मी म्हणालो.

त्याचं ते नुसतं 'सूर्यभान' मला खटकलं. गावात त्याचा बाप माझ्या बापाला वाकून रामराम घालायचा. बाकीचे ऑपरेटर पण मला सूर्यभानच म्हणायचे, त्यांचं खटकत नव्हतं. पण आता कुणाला सांगू हे.

माणूस कामाला मात्र लई चोख. गुलमंडीच्या मागं एका खराद्याकडं, म्हणजे लेथच्या लहानशा दुकानात, सहा वर्षं घासलेला होता. चिप, म्हणजे धातूची साल, कशी निघती आणि आवाज कसा येतो एवढ्यावरून हत्यार बोथट झालंय हे सांगायचा. खिशात घडी केलेला रुमाल असायचा, गरम पिस्टन त्यानं धरायचा आणि काम झालं की मशीन पुसून त्याच रुमालानं चष्मा पुसायचा. चिडवलं की चिडायचा नाही. कुणी म्हणालं, कचरू, चष्म्यानं लई शिकल्यासारखा दिसतोस, तर म्हणायचा, "शिकलोय ना, तुम्हाला बघून. काय करू नये ते." होता टेम्पररी. सत्त्याऐंशीचा उन्हाळा सरेपर्यंत सात महिने भरत आले, आणखी दोन महिन्यांत कायम व्हायचा होता. त्याची आई मनकर्णाबाई रोज विचारायची म्हणे, कचरू, आला का रे कागद?

आता कामाची रीत सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. दर तासाला मी चारी मशीनवर फिरायचो. प्रत्येक मशीनचे पाच पिस्टन मोजायचे. एक, दोन, तीन नंबरवाले मशीनवरून उतरवलं की पिस्टन तसंच गरमागरम माझ्या हातात द्यायचे. मी 'हाय हाय' करत या हातातून त्या हातात नाचवायचो आणि गेजला लावायचो. त्यात गंमत यायची, दोन शिव्या इकडून, दोन तिकडून. चार नंबरला पहिल्याच दिवशी कचरूनं रुमालात धरलेलं पिस्टन पुढं केलं आणि माझा हात मागं आला. मी काही ठरवलं नव्हतं. हातच आला. शेजारी लोखंडी ट्रे होता. मी म्हणालो, "ट्रेत ठेव. मी घेतो."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, ट्रेत ठेवलं आणि मशीनकडं वळला. त्या दिवसापासून तो दर तासाला आपले पाच तुकडे ट्रेत मांडून ठेवायचा. मी बाकीची तीन मशीनं उरकून, चहा पिऊन, शेवटी चार नंबरला जायचो. तोवर ते वीस-पंचवीस मिनिटं तिथंच पडलेले असायचे. आठ महिने हे चाललं. कुणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं कुणाला काही दिसलंच नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात वरून तक्रारी यायला लागल्या. पिस्टन ढिलं बसतंय, बारीक येतंय, माल परत. बारीक म्हणजे किती, तर वीस-पंचवीस मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. पण इंजिनाला तेवढं पुरतं. मोठ्या साहेबांनी पुण्याहून एक मास्तर बोलावले, तीन दिवस आम्हाला आकड्यांचं शास्त्र शिकवायला.

मास्तर झकास होते. म्हणाले, एकाच माणसानं एकाच मशीनवर केलेले दोन तुकडेसुद्धा कधी सारखे नसतात. थोडं मागंपुढं होणारच. त्याला भ्यायचं नाही आणि त्यासाठी कुणाला बोलायचं पण नाही. दर तासाच्या पाच तुकड्यांची सरासरी काढा, कागदावर ठिपका द्या. वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ. ठिपके मध्ये खेळतायत तोवर मशीनला हात लावू नका. पण ठिपके एकाच बाजूला सरकले तर समजा, काहीतरी एक कारण आत घुसलंय. मग ढीग वेगळे करा. मशीनचा वेगळा, पाळीचा वेगळा, मालाचा वेगळा, माणसाचा वेगळा. ज्या ढिगात फरक दिसेल तिथं खोदा. जाताना त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'आधी मापणाऱ्याला मोजा.' आणि 'माणूस आणि मशीन यांची अदलाबदल करून बघितल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नका.' मी दोन्ही वहीत उतरवून घेतली. अक्षर लई छान आलं होतं.

साहेबांनी चार्टचं काम मला दिलं. सहा आठवडे मी ठिपके मांडले. ढीग वेगळे दिसावेत म्हणून प्रत्येक मशीनला एक रंग घेतला. एक नंबर हिरवा, दोन नंबर काळा, तीन नंबर तांबडा. आणि चार नंबर निळा. निळा रंग मी कचरूला मुद्दाम दिला. हसत हसत दिला. मशीन लावून देणारा आमचा सेटर बद्रीनाथ शेजारी होता, तो पण हसला.

सहा आठवड्यांनी कागद पसरला तर हिरवे, काळे, तांबडे ठिपके मधल्या रेघेवर, गुण्यागोविंदानं नांदताना. आणि निळे सगळे खाली, लाल रेघेला चिकटून. काही तर रेघेच्या पण खाली. बद्रीनाथ म्हणाला, "घ्या! निळा झेंडा खाली आला." मी हसलो. खो खो हसलो. हे हसू मला आजही ऐकू येतं आणि कानफटात मारावीशी वाटते स्वतःच्या.

बद्रीनाथचं म्हणणं सोपं होतं. "मी चारी मशीनं सकाळी सारखीच लावतो. मग ह्याच्याकडंच बारीक कसं येतं? हा मागनं हत्याराला हात लावतो, लावलेलं माप हलवतो." मला पटलं. पटायला जोर लागलाच नाही.

साहेबांनी कागद बघितला, खूश झाले. मग चष्मा वर करून विचारलं, "सूर्यभान, अदलाबदल करून बघितली का? ह्याला दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्याला ह्याच्या मशीनवर?"

"व्हय साहेब," मी म्हणालो. "बघितली."

नव्हती बघितली. दोन दिवस गेले असते, तेवढंच. माझी खात्री होती, मग कशाला दोन दिवस घालवायचे? आणि मापणाऱ्याला मोजायचं तर माझ्या ध्यानातच आलं नाही. मापणारा मी होतो ना. मी पांढऱ्या कोटात होतो.

कचरूला बोलावलं. तो रुमालानं हात पुसत आला. साहेबांनी चार्ट दाखवला. त्यानं तो शांतपणे सगळा वाचला, त्याला वाचता आला, हे पण मला आवडलं नाही. मग म्हणाला, "साहेब, मी हत्याराला हात लावत नाय. एक काम करा. आत्ता चारी मशीनचे पाच-पाच तुकडे आणा, एका फळीवर शेजारी शेजारी ठेवा आणि संध्याकाळी माझ्यासमोर मोजा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हा मोजलं असतं तर सगळा उलगडा झाला असता.

मी म्हणालो, "साहेब, सहा आठवड्यांचा चार्ट आहे. वीस तुकड्यांनी काय होतंय?"

मास्तरांनी शिकवलेलं शास्त्र मी असं वापरलं.

कचरूला ब्रेक मिळाला, म्हणजे टेम्पररीतूनच घरी. कायम व्हायला एकोणीस दिवस राहिले होते. त्याच्या नोकरीच्या कार्डावर साहेबांनी लिहिलं, 'काम निष्काळजीपणाचे. सूचना देऊनही मापात फरक.' आधी शेऱ्याचा मसुदा मीच केला होता. जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला. मला वाटलं आता शिव्या देईल. तो म्हणाला, "सूर्यभान, ट्रेत हात घालून बघितलास का कधी, तुकडा कसा लागतो?" मी म्हणालो, "जा आता, उगीच फाटे फोडू नको." तो गेला.

चार नंबरवर कडुबा नावाचा एक जण आला. आमच्याच पंचक्रोशीतला, चांगल्या घरचा, म्हणजे आम्ही ज्याला चांगलं घर म्हणायचो तसल्या. तो पहिल्या दिवसापासून गरम पिस्टन माझ्या हातात द्यायला लागला. चार नंबरचे ठिपके टुणकन वर आले, मधल्या रेघेवर. साहेबांनी पेढे वाटले. आणि पुढच्या महिन्यात तक्रारी होत्या तेवढ्याच आल्या.

कोड्यात पडलो. माप सगळं बरोबर, माल सगळा खोटा! पोळ्याच्या आदल्या दिवशी कडुबानं पाच तुकडे माझ्या टेबलावर ठेवले आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. मी पण उठलो. परत आलो, गेज लावलं. काटा खाली. दुसरा, खाली. पाचही खाली, नेमके तेवढेच, जेवढे कचरूचे असायचे. मी एक नंबरला पळालो, सकाळचे तुकडे पेटीत पडले होते. मोजले. खाली. दोन नंबर, खाली. तीन नंबर, खाली.

पिस्टन हातात धरून मी उभा राहिलो. गार होतं.

ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला असतं. मशीनवरून उतरलेलं गरम पिस्टन गेजला बरोबर दिसायचं आणि गार झालं की वीस-बावीस मायक्रॉन बारीक व्हायचं. बद्रीनाथ पण गरम तुकडा बघूनच मशीन लावायचा. म्हणजे चारी मशीनचा माल बारीक होता, पहिल्यापासून. तीन मशीनची मापं खोटी होती. अख्ख्या कारखान्यात खरं माप एकाच माणसाचं येत होतं, ज्याचा तुकडा मी ट्रेत गार होऊ देत होतो. आणि का गार होऊ देत होतो, तर आईनं कोकरू खाली सोडायला लावलं होतं म्हणून. कचरूच्या मशीनमध्ये, हत्यारात, मालात, हातात काही फरक नव्हता. फरक माझ्या हातात होता.

त्या क्षणी साहेबांकडं जायला पाहिजे होतं. गेलो पण. दारापर्यंत गेलो. आणि दारात माझ्या ध्यानात आलं की साहेब पहिला प्रश्न विचारणार, मग त्या एकाचेच तुकडे गार का होते? आणि दुसरा विचारणार, अदलाबदल केली होती म्हणालास ना?

मी आत जाऊन म्हणालो, "साहेब, मला एक सुधारणा सुचलीय."

सुचलीय! पंधरा मिनिटं सगळे तुकडे लोखंडी ट्रेत ठेवायचे, गार झाले की मोजायचे, आणि सेटरनं पण गार माप बघूनच मशीन लावायचं. दोन आठवड्यांत तक्रारी थांबल्या. साहेब तर हवेतच. म्हणाले, सूर्यभान, तू तर शास्त्रज्ञच निघालास. सव्वीस जानेवारीला माझा सत्कार झाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि मी सुपरवायझर झालो. चारी मशीनवर एकसारखे नवे ट्रे आले. कचरूला परत बोलवा असं मी म्हणालो नाही. आज म्हणू, उद्या म्हणू असं करत सहा वर्षं गेली. एवढा बायकोचा तोंडाळ नवरा, पण ह्या एका गोष्टीत माझ्या तोंडाला कुलूप होतं.

त्याच्या बातम्या कानावर यायच्या. चिकलठाण्यात दोन ठिकाणी नोकरीला उभा राहिला, त्यांनी जुन्या ठिकाणी चौकशी केली आणि कार्डावरचा शेरा आडवा आला. वाळूजला पण तेच. शेवटी परत गुलमंडीच्या मागं त्याच खराद्याकडं रोजंदारीवर. एकदा रस्त्यात समोरून सायकलवर येताना दिसला. मी पानाच्या टपरीकडं वळलो. मी पान खात नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, माल घेणाऱ्या कारखान्याची माणसं आमची तपासणी करायला आली. त्यातल्या एका बाईंनी ट्रे बघून विचारलं, "ही पद्धत छान आहे. कुणी सुरू केली?" साहेब कौतुकानं म्हणाले, "आमच्या सूर्यभानरावांनी." बाईंनी माझं नाव कागदावर लिहून घेतलं. मी नाही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी नामविस्तार झाला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. सोळा वर्षं मारामाऱ्या करून, घरं जाळून, माणसं मरून शेवटी एक नाव जिथं पाहिजे तिथं लिहिलं गेलं. मुकुंदवाडीत फटाके फुटत होते, आणि मी आपला घरी बसून त्या बाईंनी लिहिलेलं माझं नाव आठवत होतो.

रविवारी सकाळी मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, खाली सही केली, कारखान्याचा शिक्का पण आणला होता, तो मारला. म्हाळसाबाईनं पुडीत तिळगूळ बांधून दिला. तिला मी सगळं सांगितलं होतं, पहिल्यांदाच. ती नुसती पुडी बांधत राहिली. मग म्हणाली, "जा. आणि खाली मान घालून बसा. तिथं तोंड चालवू नका."

कचरूचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दारावर निळा झेंडा नवा कोरा. मी म्हणालो, "जय भीम, कचरू." तोंडात शब्द घोळल्यासारखा आला. तो खाटेवर बसून चष्मा पुसत होता, तोच रुमाल असावा. केस पांढरे झाले होते. माझ्याएवढाच ना तो!

"ये, सूर्यभान," तो म्हणाला. "बस."

त्याच्या बायकोनं, चंपाबाईनं, पाणी आणलं आणि स्टुलावर ठेवून ती मागं सरली. मी सगळं सांगितलं. गरम, गार, ट्रे, घड्याळ, सगळं. मध्ये मला रडू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

"तुला माहीत होतं का रं?" मी शेवटी विचारलं.

"गार तुकडा बारीक होतो हे खराद्याच्या कुत्र्यालाबी माहीत असतं," तो म्हणाला. "मी सांगितलंय की तुला. ट्रेत हात घाल म्हणलं होतं."

"मग साहेबाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? हा माणूस माझ्या हातातून घेत नाय, म्हणून? ते मीच तोंडानं म्हणायचं होय?" त्यानं रुमालाची घडी घातली. "पोटाचं जाऊ दे, हात चालतोय तवर पोट भरतं. पण माय गेली एक्याण्णवला. जाताना म्हणली, कचरू, एवढी चांगली नोकरी, कामात कशाला हयगय केलीस रे? मी म्हणलं, केली नाय गं. तिला पटलं नाय. म्हणली, साहेब लोक कागदावर खोटं कशाला लिहितील."

मला तिथून उठून पळावंसं वाटलं. बायकोचं ऐकून खाली मान घातली आणि अर्ज काढून त्याला वाचून दाखवला. 'सन १९८७ मध्ये श्री. कचरू पुंडलिक हिवराळे यांचे काम निर्दोष होते. मापातील फरक हा मोजण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे होता. त्यांच्या कार्डावरील शेरा चुकीचा असून तो माझ्या सांगण्यावरून लिहिला गेला. अदलाबदल केल्याचे मी खोटे सांगितले होते.'

त्यानं डोळे मिटून ऐकलं. "परत वाच, वरनं दुसरं."

मी वाचलं.

"कारण कुठं हाय ह्यात?"

"लिहिलंय की. मोजण्याची चुकीची पद्धत."

"ते काय झालं ते लिहिलंस. का झालं ते कुठं हाय? माझेच तुकडे ट्रेत का होते? तुमच्या मास्तरांनी शिकवलं होतं ना, कारण मिळेपर्यंत खोदायचं."

चंपाबाई दारात उभी होती. बाहेर कुठंतरी ताशा वाजत होता. माझ्या खिशाला पेन होता, तपासनिसाच्या खिशाला असतोच. मी कागद मांडीवर घेतला. सहा वर्षं जे वाक्य साहेबांच्या दारात अडकलं होतं ते लिहायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. लिहिलं, 'श्री. हिवराळे यांच्या हातातून मी वस्तू घेत नसे, कारण ते जातीने महार आहेत असे मी मानत होतो.' लिहून झाल्यावर बघितलं तर अक्षर पार वाकडंतिकडं आलं होतं. उद्या हा कागद मी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेणार होतो, एक प्रत कचरूला.

मी उठलो. एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात पुडी सोडून तिळगूळ घेतला, आणि दोन्ही हात त्याच्यापुढं केले. "घे," मी म्हणालो. पुढचं गोड बोला वगैरे माझ्या तोंडून निघालं नाही.

कचरूनं माझ्या हातांकडं बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. मग खाटेखालून एक स्टीलची ताटली ओढली, आणि माझ्या आणि आपल्या मध्ये सरकवली.

"ठेव त्यात," तो म्हणाला. "दोन्ही ठेव. मी घेतो."

मी ठेवले. तो चष्मा लावून परत खाटेवर बसला, आणि मी पाणी पिऊन निघेपर्यंत त्यानं ताटलीला हात लावला नव्हता.